खापरपणजोबा घाटाच्या रेल्वेत ‘इंजिनिअर’ होते म्हणतात. देवघरातला हा पितळी तुकडा कशाचा असावा?

पेटीतले_कागद

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर तळेगावचं. तिथला जुना वाडा गेल्या वर्षी पाडायला गेला. वाटण्या व्हायच्या आधी माळ्यावरची एक शिसवी पेटी माझ्या ताब्यात आली. कुणाला नकोच होती, वाळवी लागलेली. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला हिशेबाचे कागद द्यावेत असा भावांनी विचार केला असेल.

आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात की माझे खापरपणजोबा (वडिलांचे पणजोबा) घाटाच्या रेल्वेत इंजिनिअर होते आणि खंडाळ्याचा बोगदा त्यांनी खणला. लहानपणी मुंबईहून येताना खंडाळ्याच्या अलीकडे लांब बोगदा लागला की आजोबा टोपी काढून हात जोडायचे. आम्ही पोरं खिडकीतून ‘ऊऽऽ’ ओरडत असायचो, ते मात्र गप्प. बाहेर आलो की म्हणायचे, “हा आमच्या आज्याचा.”

पण या एका गोष्टीच्या घरात चार गोष्टी आहेत. काकांच्या मते साहेबाला घाटात वाट सापडत नव्हती, ती आपल्या माणसाने दाखवली. आत्याचं (वय ८६, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी) म्हणणं वेगळं: ते ‘मोजणीवर’ होते आणि बोगद्यातच गेले. शिवाय ती हळूच, दाराकडे बघत सांगते, “ते एका मडमेच्या नोकरीत होते. त्यावरून घरात पुष्कळ झालं होतं.” काय झालं होतं ते सांगत नाही.

त्यात न्यू जर्सीच्या चुलतभावाने भर घातली. त्याने एका संकेतस्थळावर वंशवृक्ष चढवलाय आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘रेलरोड इंजिनिअर’ लिहिलंय. तिथल्या एका गृहस्थाने विचारलं, “कोणतं इंजिन चालवायचे?” अमेरिकेत इंजिनिअर म्हणजे गाडीचा ड्रायव्हर! भावाने खुलासा करायचा सोडून वाफेच्या इंजिनाचा फोटो लावून टाकला. आता पुढच्या पिढीसाठी ते ड्रायव्हर.

पेटीत निघालं ते असं:

एक मोडी वही, चाळीसेक पानं. अंक कळतात, अक्षर कळत नाही.

एक इंग्रजी दाखला. अर्धा वाळवीने खाल्लेला. ‘भोर घाट इन्क्लाइन’, ‘१८५७’, ‘असिस्टंट इंजिनिअर’ आणि खाली ‘प्रामाणिक व मेहनती’ अशा अर्थाचे शब्द नीट वाचता येतात. सही फराट्यासारखी.

तिसरी वस्तू पेटीतली नव्हे, देवघरातली. बोटाच्या दोन पेरांएवढा पितळी तुकडा. वर भोक, खाली कंगव्यासारखे तीन टोकदार दात. टाकांच्या शेजारी असायचा. आजी दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू वाहायची. कुठल्या देवाचा म्हणून विचारलं तर “घाटातला” एवढंच. कुणी खंडोबाशी जोडलं, कुणी त्रिशूळ म्हटलं. मी चिंच लावून घासला, तर त्यावर ना देव, ना अक्षर.

फोटो जोडते आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि खरंच इंजिनिअर होते का, तेही स्पष्ट सांगा. वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल.)

---

निवृत्त_भूकरमापक

ताई, फोटो पाहून हसू आलं, पण तुमच्या आजीला नाही हसलो. असले बिल्ले मी पायाखाली तुडवलेत.

तो त्रिशूळ नाही. मोजणीच्या साखळीचा बिल्ला आहे. इंग्रजी मोजणीच्या साखळीत १०० कड्या असतात. मोजताना शंभर कोण मोजत बसणार? म्हणून दर दहा कड्यांना पितळी बिल्ला लटकवतात. दहाला एक दात, वीसला दोन, तीसला तीन, चाळीसला चार आणि मधोमध पन्नासला गोल. दुसऱ्या टोकाकडूनही तसेच, म्हणजे साखळी कुठूनही धरा, मोजता येते. तुमचा बिल्ला तीसचा. एका साखळीत तसे दोन असतात.

आमच्या खात्याची जुनी साखळी निराळी, ३३ फुटांची आणि १६ आण्यांची. गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३ फूट, हे गणित तिच्यातलंच. आण्यांच्या साखळीला तीसचा बिल्ला कुठून बसणार? तेव्हा तुमची वस्तू शेतमोजणीची नाही. ती गंटरसाहेबाच्या ६६ फुटी साखळीची असेल, नाहीतर इंजिनिअर लोकांच्या १०० फुटी साखळीची. बिल्ले दोघींना सारखेच. रेल्वेचा हिशेब त्या काळी मैल आणि साखळ्यांत चाले, ८० साखळ्यांचा एक मैल, त्यावरून मी ६६ फुटीवर पैज लावेन.

आता स्पष्टच विचारलंत म्हणून सांगतो. साखळी इंजिनिअर ओढत नाही. इंजिनिअर दुर्बिणीला डोळा लावतो आणि हात हलवतो. साखळी ओढायला दोघे लागतात, पुढचा आणि मागचा. पुढच्याने तीर (खुणेच्या लोखंडी सळया) रोवत जायचे, मागच्याने गोळा करत यायचे आणि मापाचा आकडा त्याच्याच तोंडी. सपाट शिवारात हे सोपं. घाटात उतारावर साखळी आडवी धरावी लागते, टप्प्याटप्प्याने, ओळंबा सोडून, नाहीतर माप वाढतं. मी सह्याद्रीत दोन वर्षं काढलीत. पावसाने शेवाळलेल्या कड्यावर साखळी ताणून धरणारा माणूस म्हणजे काय ते मला विचारा.

आणि एक. साखळी तुटली की कडी बदलायची, बिल्ला काढून ठेवायचा. फेकत नाहीत. माझ्याही कपाटात चाराचा एक आहे.

---

घाटसेक्शन

मी कर्जत ते लोणावळा गाड्या चढवल्यात, आता घरी बसून नातवंडं चढवतो. भूकरमापक साहेबांशी सहमत. लाइनीबद्दल थोडं माझ्याकडून.

हा घाट कागदावर बघा: लांबी १५ मैल ६८ साखळ्या (बघा, साखळ्याच आल्या), चढ १,८३१ फूट, बोगदे २५, मोठे पूल आठ. सर्वांत कठीण जागी ३७ फुटांमागे एक फूट चढ. तो चढ आजही आहे, म्हणून तर कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं आणि गाडी २१ एप्रिल १८६३ ला सुरू झाली. सात वर्षं. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कले. स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला माणूस, पण घाट पुरा झालेला त्याला पाहता आला नाही, आदल्या वर्षीच ऑगस्टमध्ये इंग्लंडात वारला. वय ४२.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी चालू झाली होती आणि खाली खोपोलीपर्यंत त्याआधीच आली होती. मधला घाट मोकळा. प्रवाशांनी मुंबईहून खोपोलीला उतरायचं, घाट डोलीने, तट्टावर किंवा गाडीने चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचं. तळेगावची माणसं ही कसरत पाच वर्षं बघत असणार.

आता एक कटू गोष्ट, ताई. तुमचे आजोबा हात जोडत होते तो बोगदा तुमच्या खापरपणजोबांचा असणं कठीण. पूर्वी खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर निघायची. १९२९ मध्ये नवी लाइन घातली आणि ते स्टेशन बंद झालं. खंडाळ्याच्या अलीकडचे ते लांब बोगदे त्या नव्या लाइनीतले. जुने बघायचे तर खाली, ठाकूरवाडी ते मंकी हिल. आजोबांना उगाच दोष देऊ नका, त्यांच्या तरुणपणी गाडी जुन्याच वाटेने जात होती. लाइन बदलली, हात जोडायची जागा बदलली नाही, एवढंच.

काकांची वाट दाखवायची गोष्ट म्हणजे शिंग्रोबा. धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि साहेबाने त्यालाच मारलं, अशी दंतकथा. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, ड्रायव्हर लोक चालत्या गाडीतून नाणं टाकतात. मीही टाकलंय, स्कूटरवरून. घाटाखालच्या निम्म्या घरांत ही गोष्ट आपापल्या आजोबाला चिकटवलेली असते.

---

तिरकस_तात्या

म्हणजे इंजिनिअर नाही, ड्रायव्हर नाही, वाट दाखवली नाही, बोगदाही चुकीचा. ताई, धागा काढला नसतात तर बरं झालं असतं 😀

एक शंका. दाखल्यात ‘असिस्टंट इंजिनिअर’ स्पष्ट आहे म्हणता. त्या काळात जी.आय.पी. कंपनीत (ही लाइन घालणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ते पद विलायतेहून आलेल्यांचं असे. आपल्याकडच्या पोरांसाठी पुण्यात १८५४ ला वर्ग निघाला, आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं मूळ तेच, पण तोही सरकारी बांधकाम खात्याच्या खालच्या जागांसाठी. तीन वर्षांत कुणी तिथून निघून रेल्वेचा असिस्टंट इंजिनिअर होईल हे पटत नाही. दाखल्याचा मोठा फोटो टाका. त्या दोन शब्दांच्या आधी काय आहे?

---

पेटीतले_कागद

तात्या, तुमच्या तोंडात साखर पडो की मीठ, ठरवते आहे.

नातवाचं भिंग घेऊन बसले. ‘असिस्टंट इंजिनिअर’च्या आधी वाळवीचं भोक. भोकाच्या कडेला दोन बारीक शब्द शिल्लक आहेत, आजवर मी ते डाग समजत होते. ‘टू द’. म्हणजे ‘अमुक अमुक, टू द असिस्टंट इंजिनिअर’. असिस्टंट इंजिनिअरचा कुणीतरी! आणि तो ‘अमुक’ नेमका वाळवीने खाल्ला. दीडशे वर्षांत तिला दुसरा शब्द मिळाला नाही.

भोकाच्या डाव्या कडेला एका अक्षराचा वरचा वळसा दिसतो, सी असावा. ‘चेनमन’, म्हणजे साखळी ओढणारा, असेल का? की मला आता सगळीकडे साखळीच दिसतेय?

बोगद्याचं मात्र लागलं हो मनाला. आजोबा १९०० चे. म्हणजे लाइन बदलली तेव्हा ते २९ वर्षांचे. त्यांना माहीत नसेल?

---

मोडीवाला

सी वरून ‘क्लार्क’ पण होतं. घाई नको. वहीची पानं टाका, तिथे उत्तर असेल. पहिल्यांदा चार पानं पुरेत. दिव्याखाली नको, खिडकीशी, बाजूने उजेड घेऊन.

---

मोडीवाला

(दुसऱ्या दिवशी)

पानं मिळाली. अक्षर बरं आहे, कारकुनी वळणाचं, पण ओळ वर जाते. मांडीवर ठेवून लिहिलंय. काही ठिकाणी शाई पसरली आहे, पाणी किंवा घाम.

ही जमाखर्चाची वही नाही. कामाची रोजवही आहे. एप्रिल १८५८ च्या पानावर असं:

“बोगद्याचे तोंडाजवळ साखळी ४१ ते साखळी ४४. वडार असामी ४२, बायका १७, पोरे ९. पाथरवट ६. सुरुंग ११ उडाले, २ बसले. दारू…” पुढे शेरांत वजन, वाळवी.

‘बसले’ म्हणजे उडाले नाहीत. न उडालेला सुरुंग उडालेल्यापेक्षा वाईट, कारण कुणीतरी जाऊन तो उकरायचा. त्या ओळीपुढे बारीक अक्षरात: “उद्यां पाहणे.” दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत पाथरवट ५. इतकंच. मी चार वेळा पाहिलं. सहाचे पाच झाले, कारण लिहिलेलं नाही.

जिथे पाऊल ठरत नव्हतं तिथे माणसं दोराला बांधून कड्यावर सोडत आणि ती लोंबकळत भोकं पाडत. वहीत एका पानावर “दोर नवा मागणे” तीनदा आलंय, तिसऱ्यांदा खाली रेघ मारून.

आता तुमच्या कामाचं. मापं आणि माणसांची मोजदाद एकाच हाताची आहे. नुसता साखळी ओढणारा असता तर वही नसती. नुसता कारकून असता तर साखळीचा बिल्ला घरी नसता. दोन्ही करत होता. अशांना त्या काळी काय म्हणत ते पद तुमच्या वाळवीच्या पोटात आहे.

वहीत पावसाळ्याची पानं फार थोडी. ते बरोबरच आहे, जूनला उघड्यावरचं काम थांबे, माणसं गावी पेरणीला जात. बोगद्यांच्या आतलं काम तेवढं चाले.

पण जानेवारी १८५९ नंतर वही एकदम कोरी. आठ पानं रिकामी सोडून पुन्हा सुरू होते ती डिसेंबरात. आणि तिथे वर मथळा आहे. तो मी आधी तुम्हाला वेगळा पाठवणार होतो, कारण आत्याबाईंची कुजबुज आठवली. मग वाटलं, इथेच टाकावा:

“टेडवेल बाईसाहेब यांजकडील काम.”

---

घाटसेक्शन

अहो!! मडम सापडली!

ताई, आत्याबाईंना पेढे द्या. ही ॲलिस ट्रेडवेल. घाटाचं पहिलं कंत्राट फेव्हिएल नावाच्या साहेबाकडे होतं. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, सरकारी चौकशी झाली आणि मार्चमध्ये फेव्हिएलने काम सोडलं. तुमच्या वहीची कोरी पानं तिथेच येतात. मधले महिने कंपनीने स्वतः रेटलं. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल आला आणि येऊन काही आठवड्यांतच वारला. कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिसने, आपल्याकडे घेतलं. प्रत्यक्ष घाटातलं काम ॲडमसन आणि क्लाउझर या दोघा इंजिनिअरांनी पाहिलं, पण कंत्राटदार म्हणून नाव बाईचं आणि पुरंही तिच्याच नावाने झालं. १८६१ मध्ये तिच्या कामावर ४२ हजार माणसं होती. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हा घाट हजारदा चढलो असेन, दर वेळी बर्कलेचं नाव ऐकलं, बाईचं एकदाही नाही. मला ते निवृत्तीनंतर वाचून कळलं.

म्हणजे तुमचे खापरपणजोबा खरोखरच मडमेच्या नोकरीत होते. घरात कशावरून झालं असेल ते आलं लक्षात? बाईमाणसाच्या हाताखाली, तेही विधवेच्या, तेही गोऱ्या, आणि महिन्याचा पगार घेतात! १८६० चं तळेगाव, बसलं असेल बोलायला.

---

निवृत्त_भूकरमापक

कोरी आठ पानं सोडून पुन्हा त्याच वहीत लिहिलंय, हे मला आवडलं. दुसरा असता तर वही उलटी करून सुरू केली असती. त्याला वाटत असणार, काम परत चालू होईल तेव्हा मागची थकबाकी तिथे चढवू. चढवली नाही.

---

कागदपत्र_शोधक

उशिरा आलो. शोध पुढे न्यायचा असेल तर:

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड आहेत. अर्ज करून बसता येतं. पण मनाची तयारी ठेवून जा. तिथे साहेबांची नावं भेटतात, आपल्याकडच्या हलक्या हुद्द्याच्या माणसांची क्वचित. लंडनला ब्रिटिश लायब्ररीतही रेल्वे कंपन्यांचं दप्तर आहे, त्याचं रडगाणंही तेच. आणि तुमचा माणूस बराच काळ कंत्राटदाराकडे होता, म्हणजे कंपनीच्या पटावर तो असेलच असं नाही.

म्हणून मी आधी नाशिकला जाईन. हसू नका. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या बघा. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे गुरुजी कोण ते गोदाकाठी कुणीही सांगेल. आलेला माणूस स्वतःच्या हाताने लिहून जात असे: मी कोण, बापाचं नाव, मुलांची नावं, कशासाठी आलो. रेल्वेने ज्याचं नाव लिहिलं नाही त्याचं तिथे मिळतं. बोगद्यात गेले की नाही, हेही कळेल.

---

पेटीतले_कागद

(तीन आठवड्यांनी)

धागा वर आणते आहे, क्षमस्व. नाशिकला जाऊन आले. आत्याला घेऊन. ती गुडघ्यांवरून कुरकुरत होती, पण “मडम सापडली” म्हटल्यावर गाडीत आधी जाऊन बसली.

गुरुजींनी आडनाव ऐकून तिसरी वही काढली. पानं उलटताना त्यांचं बोट थांबलं आणि आत्या म्हणाली, “हेच.” तिला मोडी येत नाही. मला वाटतं, अक्षर वर जाताना दिसलं.

शके १७९३. म्हणजे १८७१. घाट पुरा होऊन आठ वर्षं झालेली, आणि हे स्वतः आलेत, बायको आणि एक मुलगा (माझे पणजोबा, वय वर्ष तीन) बरोबर. वडिलांचं वर्षश्राद्ध करायला. म्हणजे बोगद्यात गेले नाहीत. गुरुजींनी वाचून दाखवलं: “राहणार तळेगांव, हल्ली वस्ती इगतपुरी, रेलवेकडे मोजणी.”

इगतपुरी! म्हणजे भोर घाट संपल्यावर थळ घाटाकडे गेले असणार. त्याबद्दल आमच्या घरात एक अक्षर नाही. आम्ही खंडाळ्यावरून भांडतोय आणि मनुष्य बायकोमुलाला घेऊन इगतपुरीला राहतोय. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “तिथेही वाट दाखवली असेल.”

परतताना आत्याला विचारलं, मग बोगद्यात कोण गेलं? ती बराच वेळ बाहेर बघत होती. म्हणाली, तिच्या आजीच्या तोंडी एक वाक्य होतं, “घाटात त्यांच्या हातचं एक माणूस गेलं.” हातचं माणूस. त्यांचं नाव नव्हे. आम्ही मधल्या पिढ्यांनी ते त्यांच्यावर ढकललं. मोडीवाला काका, तुमचे ते सहाचे पाच मला गाडीत आठवले. आत्याला नाही सांगितलं.

आणखी एक. आजोबांना नवी लाइन माहीत असणारच, असं मला सारखं वाटत होतं. आत्याला विचारलं तर ती सहज म्हणाली, “ते बोगद्याला नमस्कार कुठे करायचे? गाडी पूर्वी जिथे थांबून उलटी फिरायची, त्या जागेला करायचे. बोगद्यातून आत असताना ती बाजू डोक्यावर येते म्हणायचे.” घाटसेक्शन काका, हे जागेच्या हिशेबाने बसतं का हो? बसत नसलं तरी आत्याला कळवणार नाही.

चुलतभावाला पत्र टाकलंय: इंजिनाचा फोटो काढ. व्यवसायात काय लिहायचं यावर आमचे चार दिवस गेले. तो म्हणतो ‘सर्व्हेअर’ लिहू, तिकडे कळतं. मी म्हटलं, सर्व्हेअर दुर्बिणीला डोळा लावतो. शेवटी ‘रेल्वेकडे मोजणी’ असंच देवनागरीत लिहायला लावलं, त्यांनी स्वतः लिहिलं तसं. त्या संकेतस्थळाला ते झेपत नाही, रकान्यात चौकोन दिसतात. बघू.

बिल्ला देवघरातच आहे. काढून काचेच्या कपाटात ठेवावा असं माझ्या मुलाचं मत. सुनेने कालच त्याला कुंकू लावलं, माहिती झाल्यावरसुद्धा. मी काही बोलले नाही. तीसचा दुसरा बिल्ला कुठे गेला असेल, एवढंच डोक्यात घोळतंय.

---

घाटसेक्शन

बसतं, ताई. अगदी डोक्यावर नाही, पण बसतं. आत्याबाईंना नमस्कार सांगा.